सात नंबरची पवनचक्की

३ जून
चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. ह्यांना कड्यावरच्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम लागून दोन महिने झाले. तिथला वारा मोजून कुठली चक्की बसवायची ते आमच्या मेहुण्याने ठरवलं, असं भेटेल त्याला सांगत सुटतात. लहानपणी प्रत्येक पतंग झाडात अडकवणारा तू! मला हसू आवरत नाही.

एक विचारायचं होतं. सात नंबरच्या चक्कीचे बोल्ट दर आठवड्याला ढिले होतात, वर गेलं की ती गदागदा हलते म्हणे. ह्यांच्याबरोबरचे दोघे चढायला कां-कूं करतात. काळजीचं काही नाही ना? इथे फोन लागत नाही, तेव्हा सविस्तर लिही. उशीर केलास तर कान पिळीन.
तुझी,
ताई

१२ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि. नवी चक्की सुरुवातीला कुरकुरतेच, भावजींना सांग. वर्षभर वारा मोजून मगच ती निवडली आहे. तू उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, म्हणजे झालं.
तुझा,
ठोंब्या

२० जून
चि. ठोंब्यास,
अ. आ. तुझं पत्र ह्यांनी कामावर नेऊन दोघांना वाचून दाखवलं. तरी ते तयार होईनात, तेव्हा हे एकटेच चढले. घरी आल्यावर, एका पात्याच्या मुळाशी बोटभर चीर दिसली म्हणाले.

मी म्हटलं, नका जाऊ. तर म्हणतात, मेहुण्याने मोजलंय. मीच मागे सरलो तर त्याचा शब्द कोण मानणार? मला भीती वाटते रे. खरं काय ते सांग.
तुझी,
ताई

२७ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि. भावजींना वर जाऊ देऊ नकोस. हे पत्र त्यांना वाचून दाखव.

वारा मोजायचा खांब कड्यावर उभा करायचा होता. वाट खचलेली, गाडी वर जाईना, म्हणून मी तो खालच्या खळग्यात रोवला. तिथे वारा संथ असतो. तेच आकडे थोडे वाढवून कड्याचे म्हणून दिले आणि संथ वाऱ्याला चालते ती लांब पात्यांची चक्की निवडली. सात नंबर कड्याच्या अगदी तोंडाशी आहे, तिथे वारा खालून उसळतो, झटके देतो. तिथे आखूड, दणकट पाती हवी होती.

हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. तुलाही खोटंच लिहिलं. आज कंपनीला सगळं कळवतो आहे. मला काय हवं ते बोल, पण त्यांना थांबव.
तुझा,
ठोंब्या

४ जुलै
चि. धाकट्यास,
तुझं पत्र गुरुवारी मिळालं. हे मंगळवारी गेले. पातं तुटलं तेव्हा वरच होते. ते दोघे खाली उभे राहून बघत होते.

कंपनीचे साहेब येऊन गेले. वारा जोराचा असताना हे आपल्या मर्जीने चढले, असं लिहून आणलं होतं आणि खाली माझी सही हवी होती. मी केली नाही. तू काही कळवल्याचं त्यांना ठाऊक नाही.

तुझ्यापासून इथवर एका दिवसाचा प्रवास. पत्र लिहायला बसलास तेव्हा गाडीत बसला असतास, तर दुसऱ्या दिवशी दारात असतास. माझं मन तिथून पुढे सरकतच नाही.

सासूबाई विचारतात, तुझा भाऊ कसा आला नाही? मी त्यांना काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. त्यांच्यासमोर, त्या दोघांसमोर, साहेबांसमोर, तोंडाने.

धाकटा आहेस म्हणून आशीर्वाद. लोभाचं आत्ता काही लिहवत नाही.
ताई