उंट मारू नकोस

सातारा,
१२ जानेवारी २०२५

चि. मल्हार,

ताईचा आशीर्वाद. आम्ही तिघं इथे बरी आहोत, तूही तसाच असशील असं धरून चालते. माझा कागद बघून घाबरू नकोस. फोनवर अप्पांचं नाव निघालं की तुझ्याकडची रेंज जाते, म्हणून लिहायला बसले. कागद मधेच कट करता येत नाही.

थंडी यंदा बरी पडली. मार्गशीर्षात आई म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला जाऊन आली. तिच्या पिशवीला अजून गुलाल आहे, आणि तुझ्या वाटणीचं खोबरं तिने वेगळं बांधून डब्यात ठेवलंय. मी म्हटलं, खवट होईल. तर म्हणाली, "हू दे. त्यो आला की मी त्येला खवटच खायला लावणार हाय. एवढा उशीर केल्यावर काय ताजं मिळतंय व्हय?"

माझं ऑफिस चालू आहे. नवीन साहेब आलेत, त्यांना सगळ्या फायली एकाच दिवशी हव्या असतात. गोडोलीचा रस्ता पुन्हा खणलाय.

अप्पा वयाच्या मानाने ठीक आहेत. सकाळी चालायला जातात. हल्ली एकटे जात नाहीत, मी किंवा आई बरोबर असते.

तुझा जुना लॅपटॉप तेच वापरतात, हे तुला माहीत नसेल. तू बुद्धिबळाच्या सुरुवातीच्या चाली, ते ओपनिंग, पाठ करायचं सॉफ्टवेअर त्यात टाकलं होतंस ना, ते अजून चालतं. निवृत्त झाल्यावर अप्पांनी एकदा उघडलं आणि मग रोजचंच झालं. आंघोळ, चहा, मग टेबल. उघडल्या उघडल्या पडद्यावर तुझं नाव येतं, 'स्वागत, मल्हार', आणि खाली आज किती चाली घोकायच्या आहेत ते. आईने एकदा विचारलं, "आवं, तुमाला मल्हार का म्हणतंय ते?" अप्पा म्हणाले, "ड्यूटी त्याची हाय. त्यो रजेवर हाय म्हणून मी करतोय."

तुझ्या सगळ्या लाइनी, म्हणजे ओळीने पाठ करायच्या चाली, त्यांनी तशाच ठेवल्या होत्या. पांढऱ्याकडून स्पॅनिश ओपनिंग, तुझी आवडती. मला बुद्धिबळ येतं ते सोंगट्यांची नावं येण्यापुरतंच, पण शेजारी बसून बसून त्या यंत्राची रीत कळली. ते समोरच्याची चाल खेळतं, आपण उत्तर द्यायचं. बरोबर आलं तर हिरवं होतं आणि ती लाइन काही दिवस सुटीवर जाते. चुकलं तर लाल होतं आणि तीच लाइन पुन्हा पुढ्यात येते. पहिली काही वर्षं अप्पांच्या पडद्यावर लाल क्वचित दिसायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर लाल वाढलं.

आधी लांबच्या, अवघड लाइनी गेल्या. मग जवळच्या. सकाळी येणारी चाल दुपारी येईना. यंत्र बिचारं त्याच्या रीतीप्रमाणे तेच तेच पुढ्यात आणायचं, आणि अप्पा दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखे बघायचे. दिवाळीच्या सुमारास आणखी एक सुरू झालं. लाल आलं की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे. चूक झाल्यावर साहेबांसमोर उभं राहतात तसे, हात सरळ मांडीला लावून. मी खांद्याला धरून बसवलं की बसायचे. पुढचं लाल आलं की परत उभे.

याच दिवसांत पोवई नाक्यावरून एका रिक्षावाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. त्याला त्यांनी पत्ता आपल्या गावचा, आटपाडीचा सांगितला होता. तो माणूस म्हसवडकडचा निघाला, बिरदेव नावाचा. बोलीवरून ओळखून त्याने त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि चौकशी करत करत घर शोधलं. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. मल्हार, हा विसरण्याचा आजार आहे आणि तो मागे फिरत नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याबरोबर जे करायचं असेल ते पुढे ढकलू नका.

आता मी काय केलं ते सांगते.

स्पॅनिशमध्ये आपला उंट पुढे जातो आणि काळा कडेचं प्यादं एक घर सरकवून त्याच्या अंगावर येतो. तिथे उंट मागे घ्यायचा, हे तुला झोपेत विचारलं तरी येईल. अप्पांना ती चाल येईनाशी झाली. ते उंट तसाच ठेवतात आणि किल्लेकोट करतात. राजा आधी सुरक्षित करायचा, एवढंच त्यांच्या हातात राहिलंय. एका सकाळी या एकाच चालीला ते इतक्या वेळा उभे राहिले, की मला बघवेना. ते आत गेल्यावर मी लॅपटॉप घेतला आणि तुझी लाइन बदलली. किल्लेकोट हीच बरोबर चाल म्हणून भरली. पण मग काळ्याने फुकटचा उंट मारला असता. म्हणून काळ्याचीही चाल बदलली. तो आता उंट मारत नाही, घोडा बाहेर काढतो.

दुसऱ्या दिवशी हिरवं झालं. अप्पा मला म्हणाले, "बघ, जमतंय अजून."

तेव्हापासून ते चुकतात आणि मी त्यांची चूक आत भरते. तू वर्षानुवर्षं बांधलेलं सगळं मी असं बिघडवून ठेवलंय. रागव, चालेल. पण अप्पा आता उभे राहत नाहीत.

आईला रोज विचारतात, "मल्हारची सुटी कवा लागती? मी तयार हाय म्हणावं." तुझ्याशी एक डाव खेळायचाय त्यांना. एवढीच एक गोष्ट ते न चुकता विचारतात.

सांगलीच्या स्पर्धेचं मला आठवतंय. पाठ केलेली चाल तुला ऐन वेळी आठवली नाही, तू हरलास, आणि अप्पा भरल्या हॉलमध्ये म्हणाले, शेळ्या राखायच्या लायकीचा हायस. स्टँडवर तू मला विचारलंस, "आज्ज्यानं जन्मभर मेंढरं राखली, त्यो काय वाईट हुता?" त्यानंतर तू सोंगटीला हात लावला नाहीस आणि बारावी होताच घर सोडलंस. बेंगळुरूहून पुण्याला जाताना तुझी बस साताऱ्यावरूनच जाते, हेही मला माहीत आहे.

पण ते भांडण अप्पांना आता आठवत नाही. मी आडून विचारून बघितलं. सांगली म्हटलं की ते हळदीचं बोलतात. ते भांडण आता तुझ्या एकट्याकडे उरलंय.

परवा मी ऑफिसातून आले तर त्यांनी आईला हळूच विचारलं, "ह्या बाई कुठल्या?" आई म्हणाली, "आटपाडीच्या." "मग आपल्याकडच्याच की. च्या टाक." मी तो चहा प्यायले.

म्हणून ये. पट मांडू. तू काळ्याकडून बस. ते किल्लेकोट करतील, तेव्हा उंट तुझ्यासमोर उघडा असेल. तो मारू नकोस. घोडा काढ. पुढे तुझं तू खेळ, पण तेवढा उंट राहू दे.

वाट बघते.

तुझी,
ताई


सातारा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मल्हार,

पोहोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. 'पोचलो' एवढाच होता, त्यावरून तुझ्या मनातलं ओळखलं. म्हणून आज रविवार बघून लिहिते. आईने डब्यात दिलेलं खोबरं खाल्लंस का, ते ती रोज विचारते.

तू दारात आलास आणि म्हणालास, "अप्पा, मी मल्हार." ते म्हणाले, "या, पाव्हणं. आमच्या पोराचं नाव बी मल्हारच." त्या वेळी मी तुझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता तू पिशवी उचलून परत फिरशील. तू चपला काढल्यास आणि पट कुठे आहे ते विचारलंस. मल्हार, त्याबद्दल काय लिहू. नाहीच लिहीत.

तू निघालास त्यानंतरचं मात्र तुला सांगायलाच हवं, फोनवर मला ते जमलं नसतं.

तुला हायवेला सोडून मी घरी आले तर पट तसाच होता. आईला त्यांनी उचलू दिला नव्हता. पांढरा उंट त्यांनी हातात धरला होता. मी समोर बसले. त्या वेळी मी त्यांची कोण होते, माहीत नाही, कारण ते मला 'आवं' करून बोलत होते.

म्हणाले, "ह्या पोराला उंट दिसला हुता."

मी म्हटलं, "कुठला उंट, अप्पा?"

"फुकटचा. मी इसरून सोडला तवा. त्येचा हात तिथवर गेला, बोट लागायचं ऱ्हायलं, आन् मग त्येनं घोडा उचलला." मग लॅपटॉपकडे बघून म्हणाले, "त्यातला गडी बी हल्ली मारत न्हाई. कुणीतरी सांगून ठेवलंय त्येला."

मी मान खाली घातली. ते रागावले नव्हते. थोडा वेळ उंट बोटांत फिरवत बसले आणि परक्या बाईला घरचं सांगावं तसं सांगायला लागले.

"आमचा मल्हार ह्याच्यापेक्षा भारी खेळायचा. सांगलीला न्हेला हुता. एक चाल इसरला. एकच. आन् मी लोकांपुढं नको ते बोललो. माझ्या बापाचं सुदीक वंगाळ बोललो." मग म्हणाले, "आता माझ्या ध्यानात काय ऱ्हात न्हाई बगा. ते तेवढं जात न्हाई."

मी तुला लिहिलं होतं, त्यांना ते आठवत नाही. मी चुकीचं लिहिलं. सांगली म्हटल्यावर ते हळदीचं का बोलायचे, ते मला आता कळतंय.

मी म्हटलं, "अप्पा, आज आला होता तो मल्हारच होता. तुमचाच." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, पोरांची समजूत घालावी तसं हसले. "न्हाई वं. आमच्या मल्हारनं मारला असता. मीच शिकवलंय त्येला, फुकटचं सोडायचं न्हाई. आन् माझा राग बी हाय त्येला." मग उंट त्याच्या घरात ठेवला. "हे पोरगं मायाळू हाय. कुणाचं हाय?"

आई चुलीकडून म्हणाली, "आटपाडीचंच."

"मग परत बोलवा की. आन् त्येला सांगा, म्हाताऱ्याला सांभाळून घ्यायचं काम न्हाई. खरं खेळ म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लॅपटॉप उघडला नाही. पटच मांडून बसले, काळ्या सोंगट्या समोरच्या बाजूला लावून. आजही मांडलाय. यातलं त्यांना काय आठवतंय, मला सांगता येणार नाही. दाराची कडी वाजली की मान वर करतात, एवढं खरं.

तेव्हा शिमग्याला ये. ओळखतील अशी आशा धरून येऊ नकोस, पाव्हणा म्हणूनच ये. आणि मी मागच्या पत्रात लिहिलेलं विसर.

या वेळी उंट मार.

तुझी,
ताई