आंघोळीच्या वेळी बोलू नये

दि. ४ फेब्रुवारी

ती. अक्का यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी मी चहा न घेता उठलो, हे आपल्याला खटकले असणार. डोके दुखत असल्याचे कारण मी दिले. ते खरे नव्हते. आपण एका हाताने ठकूची मान सावरत होतात, दुसऱ्या हातातल्या मगाने तिच्या पाठीवर पाणी सोडत होतात. ती पाण्यावर थापा मारून खिदळत होती, आणि दारात उभ्या असलेल्या बापाकडे तिने एकदाही वळून पाहिले नाही. मला आपला मत्सर वाटला. शब्द कठोर आहे, पण याहून अचूक शब्द मला सापडला नाही.

आपली धाकटी बहीण गेली तेव्हा ठकू दीड महिन्याची होती. उजवा हात लहानपणापासून लुळा असलेल्या माणसाच्या स्वाधीन एवढे तान्हे मूल करू नये, हा आपला निर्णय त्या वेळी योग्यच होता. आता ती सात महिन्यांची आहे. शाळेला लागूनच असलेल्या पाळणाघरात तिच्यासाठी जागा मिळाली आहे. बाटली, लंगोट, झोपवणे हे सर्व मी एका हाताने करतो, ते आपण पाहिलेच आहे. ‘एकट्याने आंघोळ घालून दाखवा आणि खुशाल न्या,’ असे आपण म्हणाला होतात. तेवढेच उरले आहे.

सध्या मी लाल भोपळ्याला साबण लावून सराव करतो. टब जमिनीवर, माझ्या पसरलेल्या पायांमध्ये. तळाशी ओला टॉवेल, म्हणजे घसरण नाही. लुळा हात टबाच्या काठावरून आत सोडला की त्याची उशी होते आणि डावा मोकळा राहतो. येत्या रविवारी आपल्यासमोर परीक्षा द्यावी, असा मानस आहे.

लोभ आहेच. तो मत्सरासकट सांभाळून घ्यावा.
आपला मेहुणा

दि. ६ फेब्रुवारी

चि. मास्तरांस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र आमच्या ह्यांनी मोठ्यानं वाचलं आणि भोपळ्यापाशी येऊन त्यांना ठसका लागला. अहो, मुलांना भोपळे देणारे तुम्ही, परीक्षेआधी स्वतःच घेऊन बसलात?

मत्सराचं लिहिलंत ते बरं केलंत. तोंड फुगवून जाण्यापेक्षा कागदावर ओकलेलं चांगलं. पण थोडं माझंही ऐका. आमचे दोन्ही घोडे होस्टेलवर गेल्यापासून घर नुसतं खायला उठायचं. आता सकाळी ठकू ‘आं’ करून हाक मारते आणि मी हातातलं टाकून पळते. हे म्हणतात, मी जन्मभर हाका मारतोय, माझ्यासाठी कधी एवढी धावली नाहीस. पोरीचं पोट साफ आहे, खोकला गेला, खाली दोन दात डोकावतायत. बोट देऊन बघा, मग कळेल.

तुमच्यापासून तिला तोडायची नाही मला. पण साबण लागलेलं मूल म्हणजे जिवंत मासा. भोपळा लाथा झाडत नाही, हे ध्यानात असू द्या. या रविवारी. सदरा जुना घाला.

माया आहे, ती अशीच भांडत राहो.
तुमची अक्का

दि. ११ फेब्रुवारी

चि. मास्तरांस अ. आ.

रविवारपासून माझं काळीज थाऱ्यावर नाही. तुम्ही एक शब्द न बोलता निघून गेलात, म्हणून लिहिते.

खोटं कशाला बोलू, सगळं छान चाललं होतं. मान धुतलीत, काखा धुतल्यात, मांड्यांच्या वळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. मनात म्हटलं, जिंकला हा माणूस. आणि ‘सांभाळा हं’ असं मी म्हणाले न म्हणाले तोच पोर तुमच्या हातावरून गर्रकन वळली आणि तोंड पाण्यात! तुम्ही गुडघ्यानं अडवलीत, मी उचलली, घोटभर पाणी गेलं एवढंच. पण मी तिथं नसते तर?

तुमची जिद्द कळते हो. पण पोर म्हणजे काही जिद्द पुरवायची जागा नाही. वर्षाची होऊ दे, स्वतःच्या पायावर उभी राहू दे, मग न्या. तोवर रोज येऊन बसा, दार उघडंच आहे. आता पुन्हा तुम्हाला माझा हेवा वाटेल. वाटू दे. पोर बुडण्यापेक्षा तो परवडला.

राग धरू नका, ही हात जोडून विनंती.
अक्का

दि. १४ फेब्रुवारी

ती. अक्का यांस,
सा. न. वि. वि.

‘मी तिथं नसते तर?’ असे आपण विचारता. आपण नसता तर ती वळली नसती. हा आरोप नव्हे, निरीक्षण आहे. आपण बोलेपर्यंत ठकू माझ्या हातावर निश्चिंत पडून होती. ती आपल्या आवाजाकडे वळली.

आपला आवाज हुबेहूब आपल्या बहिणीसारखा आहे. ठकूने तो जन्माआधीपासून ऐकलेला आहे. त्या आवाजाशी माझ्या एका हाताने स्पर्धा कशी करावी? तो आपल्याजवळ आहे आणि माझ्याजवळ नाही, याचा मला मत्सर वाटतो. आपण तो भाजीवाल्याशी घासाघीस करण्यात वाटेल तसा उधळता, याचाही वाटतो. हे लिहिण्याची लाज वाटते. तथापि खोडणार नाही.

पुन्हा एकदा संधी द्यावी, माझ्या घरी. आपण हाताच्या अंतरावर बसावे. फक्त आंघोळीच्या वेळी बोलू नये. तरीही ती निसटली, तर वर्षभर मी हा विषय काढणार नाही.

रागावला असलात तरी उत्तर द्यावे.
आपला मेहुणा

दि. १८ फेब्रुवारी

चि. मास्तरांस अ. आ.

पत्र वाचून आधी रडले आणि मग चीड आली. मी काय कुणाचा आवाज चोरला? थोरली मी आहे. तिचाच माझ्यासारखा होता!

तरी म्हटलं, बघू तर खरं. दोन दिवस घरात तोंड उघडलं नाही. हे इतके घाबरले की न सांगता पडदे धुवायला काढले. आणि ठकू, मांडीवर घेतली तरी माझ्या तोंडाकडे टकमका बघत राहिली, जणू मी कुठंतरी लपून बसले आहे. तेव्हा वाटलं, मी धावत जात होते ती हाक मला होती, की माझ्या गळ्यातल्या तिला? मास्तर, माझ्या गेलेल्या बहिणीचा मला हेवा वाटला हो. लागला तुमचा रोग मला.

रविवारी येते. कपड्यांची पिशवी घेऊनच येते, म्हणजे पास झालात तर पुन्हा खेप नको. तोंडाशी रुमाल धरून बसेन. हूं की चूं करणार नाही.

माया तीच. फार परीक्षा बघू नका तिची.
अक्का

दि. ५ मार्च

ती. अक्का यांस,
सा. न. वि. वि.

ठकू खुशाल आहे. पाळणाघरात रुळली आहे. आंघोळ रोज मीच घालतो.

त्या रविवारी ती न निसटता धुऊन निघाली. आपण पिशवी कोपऱ्यात ठेवलीत, तिची पापी घेतलीत आणि मुकाट्याने जिना उतरलात. मी आपल्याला थांबवायला हवे होते. थांबवले नाही, कारण मला अतिशय आनंद झाला होता, आणि त्या आनंदात आपण हरल्याचा भाग मोठा होता.

त्यानंतरचे सांगतो. टबात बसली की ठकू दाराकडे पाहते. रडत नाही, हसतही नाही. दाराकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा दाराकडे. ती माझ्या हातात सुरक्षित आहे, परंतु घर सामसूम असते म्हणून. काल शेजारच्या घरात कोणी बाई बोलू लागली, तर मी ठकूला तसेच साबणासह छातीशी धरून आधी खांद्याने ढकलून खिडकी लावून घेतली. तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की मी खिडकी पुन्हा उघडली. जगातले सगळे आवाज बंद करून मूल सांभाळणे म्हणजे सांभाळणे नव्हे. मत्सर गेलेला नाही. तो जाईल असे वचनही देत नाही.

तरी येत्या रविवारी आंघोळीच्या वेळेला यावे, दारात बसावे आणि भरपूर बोलावे. ती वळेल, वळू द्यावी. ती वळत असताना तिला धरून ठेवणे मला शिकायचे आहे, आणि ते आपल्यावाचून शिकता येणार नाही.

काय बोलावे हे न सुचल्यास मला रागवावे. या घराला त्याची सवय होती.

वाट पाहणारा,
आपला मेहुणा