तेवीस क्रमांकाच्या जर्सीबाबत

मी, दिनकर यशवंत सबनीस, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम उइटहॉर्न, नेदरलँड्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि बऱ्याच रागात लिहीत आहे. रागापायी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं अशी शंका कोणाला आलीच, तर ते ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे.

१. घर मुलगी मृदुलाचं. त्याचे कागद नोटारिसकडे, म्हणजे इथल्या नोटरीकडे, झाले आहेत. कपडे, दागिने, सामान मात्र या देशात साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून देता येतं. जर्सी हा कपडा आहे, म्हणून हा कागद.

२. सायकल जावई राजन यांना. तिचा पंप त्यांनी दोन वर्षांपूर्वीच नेला आहे.

३. चंद्रहास दिघे या जुन्या मित्राला काहीही देऊ नये. माझा मुलगा गंधार चोविसाव्या वर्षी सरावाला जाताना सायकलसकट ट्रकखाली गेला. त्याच्या तेराव्याला हे गृहस्थ म्हणाले, "डेल्फ्टला शिकून इंजिनिअर झाला असता तर?" माझ्याही मनात तेच होतं. म्हणून तर माफ करता येत नाही.

४. गंधार व्यावसायिक फुटबॉलपटू होता. क्लबचं नाव लिहून शाई फुकट घालवणार नाही. चार हंगामांत त्यांनी त्याला एकोणीस सामन्यांत उतरवलं, तेही बहुधा शेवटची दहा मिनिटं. एरवी बाकावर. तो गेल्यावर मात्र बँड लावून, भाषणं करून त्याचा तेवीस नंबर निवृत्त केला, म्हणजे यापुढे तो कोणी घालायचा नाही. जिवंतपणी बसवून ठेवला आणि मेल्यावर टांगला! जर्सी माझ्या मालकीची, मी ती फक्त लावायला दिली होती. ती काचेत घालून प्रायोजकांच्या बारवर लावली आहे. स्वतःच्या मुलाची जर्सी बघायला मला पास काढावा लागतो. खाली लोक बिअर पितात आणि माझ्याकडे बघून हळहळतात.

५. नंबर निवृत्त करायला कुटुंबाची लेखी संमती लागत होती. माझी पत्नी कुमुदिनी म्हणाली, "अहो, आपल्याकडे गेलेल्याचं नाव नातवंडाला ठेवतात. टांगून काय ठेवायचं? घालू दे की कोणालातरी." मी ऐकलं नाही. अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला, सगळं मैदान उभं राहिलं, आणि मी सही केली. मुलाचा अभिमान मला पहिल्यांदा वाटला तो तेव्हा, दुसऱ्यांनी टाळ्या वाजवल्यावर. कुमुदिनी चार वर्षांपूर्वी गेली. तिची माफी मागायची राहिली, ती इथे मागतो.

६. मृदुलाची मुलगी ईशानी, वय सतरा, यंदा त्याच क्लबच्या महिला संघात आली. तिने मामाचा नंबर मागितला. क्लब म्हणाला, आजोबांची सही आण. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट हँगिंग देअर." मी तिच्यावर ओरडलो. तीन रविवार ती फिरकलेली नाही.

खरा राग कोणावर आहे तेही लिहून ठेवतो. गंधारचा खेळ बघायला मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तो बाकावर होता. "यासाठी शिक्षण सोडलंस?" असं त्याला विचारलं आणि तिसऱ्यांदा गेलो नाही. माझ्या मुलाला खेळताना मी कधीच पाहिलं नाही.

७. सबब, तेवीस नंबरवरची माझी संमती मी मागे घेत आहे. नंबर ईशानीला द्यावा. जर्सी काचेतून काढून तिच्या हातात द्यावी.

"हे कलम माझ्या मृत्यूनंतर लागू होईल" अशी ओळ इथे होती. साक्षीला आलेल्या शेजारच्या शैलेंद्रने ती वाचली आणि विचारलं, "काका, म्हणजे तिने तुमच्या मरणाची वाट बघायची?" मी त्याला बाहेर जा म्हणालो. मग ओळ खोडली. खोडलेल्या जागी सही केली आहे. हे कलम आजपासून लागू आहे. क्लबची प्रत शैलेंद्र आजच नेऊन देईल.

८. शनिवारी ईशानीचा सामना आहे. मी जाणार आहे. दोनदा बाकावर दिसली, तरी तिसऱ्यांदा जाणार आहे.

सही: दिनकर यशवंत सबनीस

आमच्यासमोर सही केली, थोडी ओरडाआरड करून:
शैलेंद्र माधव पटवर्धन
ऋजुता शैलेंद्र पटवर्धन

उइटहॉर्न, गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५