मजकूर न वाचता स्वीकारले

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ७

अंजनाला जाऊन आज चार आठवडे झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत ती धुतलेली गोधडी वाळत घालत होती. गॅलरी तिच्यासकट खाली गेली. एका ओल्या गोधडीच्या वजनाने.

पालिकेचे साहेब पेपरवाल्यांना म्हणाले की इमारत धोकादायक असल्याची नोटीस आम्ही आधीच दिली होती. साफ खोटं. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आवक-जावक टेबलावर काढली. माझ्या हातून कागद हरवत नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज करणार. नोटीस होती तर ती दाबली कोणी, ते कळेल. ज्याने दाबली त्याचा उजवा हात मनगटातून मोडणार. मी शांत माणूस आहे, म्हणून एकदाच लिहितो. मनगटातून.

ही रोजनिशी कोणासाठी नाही. वही विकत आणलेली नाही. सोसायटीचे पाठकोरे कागद दाभणाने शिवले. अंजना म्हणायची, आधी वाचा, मग शिवा. बायकांना काटकसर कळत नाही.

७ जानेवारी

अर्जाचा मसुदा तयार. शब्द १७०. नियमाप्रमाणे १५० चालतात. ‘हलकट’ आठ वेळा आलं होतं, ‘खुनी’ अकरा वेळा. सगळे काढले. तरी १५१ उरले. शेवटी ‘कृपया’ काढलं.

९ जानेवारी, गुरुवार

अर्ज दिला. मागणी एकच: आमच्या इमारतीला दिलेली नोटीस आणि तिची पोच, छायांकित प्रत. पिशवीत अंजनाचा वरवंटा नेला होता. आज वापरायचा नव्हता, पण हाताला वजनाची सवय हवी. खिडकीवरच्या बाईंनी स्टॅम्प तिरका लावला.

२० जानेवारी, सोमवार

पालिकेच्या गेटवर केरबा भेटला. शिपाई आहे, नोटिसा वाटायचं काम त्याचंच. त्याला विचारलं. तो म्हणाला, आवं काका, ती तर तुमच्याच हातात दिली की, गेल्या मे महिन्यात. वैनींनी च्या बी पाजलावता, आल्याचा.

तोंडावर खोटं! मेलेल्या बाईचं नाव घेऊन! घरी येऊन मानसिंगला फोन केला, चहाचंसुद्धा सांगितलं. मानसिंग म्हणजे अंजनाचा धाकटा भाऊ. मिलिटरीतून रिटायर होऊन मेढ्याला शेती करतो. म्हणाला, दाजी, तुमी फकस्त मानूस दावा. बाकी आमी हाय न्हवं.

२२ जानेवारी, बुधवार

मानसिंग सकाळी नऊला आला. चहा घेतला नाही. पालिकेच्या गेटवर केरबा सायकल लावत होता. मी फक्त बोट दाखवलं.

पहिल्या फटक्यात केरबाची टोपी उडाली, दुसऱ्यात दात. ओठ फाटून सदरा छातीपर्यंत लाल झाला. खाली पडून तो एकच म्हणत होता, दिली रं गड्या, आईच्यान दिली. मानसिंगने त्याला सायकलीवर आपटलं. चाकाच्या तीन तारा तुटल्या. पोलीस आले. मानसिंगला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं, संध्याकाळी सोडलं.

मी कोणालाही हात लावलेला नाही. नोंद असावी.

२५ जानेवारी

जेवण जात नाही. कोपऱ्यात नुसता पाटा आहे. वरवंटा पिशवीत.

शेजारच्या रेश्मावहिनी डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, अंजनाताई गॅलरीतल्या भेगेबद्दल सारख्या बोलायच्या. ती भेग नव्हतीच. मी स्वतः पाहिली होती, रंगाचा पोपडा होता. दिवाळीत वरून दोन हात रंग दिला. नंतर दिसलीसुद्धा नाही. डबा चांगला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

तीस दिवस उलटले. उत्तर नाही. म्हणजे घाबरले. अपील करणार आणि त्याच वेळी पालिकेच्या उदयसिंह इंजिनिअरचा हिशोब चुकता. फाइल त्याच्याकडेच असते. दाबणारा तोच. उजव्या हातात अंगठी घालतो. ती आधी काढायला सांगणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अपील दाखल.

नंतर थेट उदयसिंहच्या टेबलापाशी गेलो. त्याचा उजवा हात कागदांवर पसरलेला होता. हवा तसाच. पिशवीतून वरवंटा काढला, वर उचलला. तेवढ्यात लाइट आली आणि डोक्यावरचा पंखा सुरू झाला. कागद उडायला लागले. तो म्हणाला, वा काका, लय वेळेवर, द्या इकडं. माझ्या हातातून वरवंटा घेतला आणि कागदांवर ठेवला.

मी थोडा वेळ उभा राहिलो. परत मागणं बरं दिसलं नसतं.

पुढच्या खेपेला काहीतरी हलकं नेणार.

१८ मार्च, मंगळवार. रात्री

अपिलाची सुनावणी झाली. मुख्याधिकारी, उदयसिंह, केरबा आणि मी. केरबाच्या ओठावर टाक्यांचे व्रण आहेत. समोरचा दात नाही.

उदयसिंहने आधी माफी मागितली. फाइल चुकून पाणीपुरवठ्याच्या कपाटात गेली होती, म्हणून उशीर. मी मनात म्हणालो, आता सापडलास. त्याने केरबाची पोच-वही माझ्यापुढे सरकवली.

१४ मे २०२४. आमच्या इमारतीचं नाव. सही माझी. सहीखाली माझ्याच अक्षरात: ‘मजकूर न वाचता स्वीकारले.’

एकतीस वर्षं प्रत्येक कागदावर हेच लिहिलं. ऑफिसात तशी शिस्त होती. पुढे कोणी विचारलं तर जबाबदारी अंगावर येत नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, आणखी काही माहिती हवी आहे का? मी नाही म्हणालो. वही पुढे केली, तशी ‘माहिती मिळाली’ म्हणून सही केली. या वेळी वाचून केली.

गेटपर्यंत केरबा मागून आला. वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. तो म्हणाला, काका, तुमचा दगड ऱ्हायला. वरवंटा माझ्या पिशवीत घातला. बोलताना त्याच्या तोंडातून हवा जाते.

१९ मार्च, बुधवार. सकाळी १०

या रोजनिशीची शिवण उसवली. फार शोधावं लागलं नाही. ६ जानेवारीच्या पानामागेच नोटीस आहे. मनगट मोडीन असं जिथे लिहिलं, त्याच्या बरोबर मागे छापलंय: ‘गॅलरीचा वापर तात्काळ बंद करावा.’ माझ्या पेनचा दाब त्या ओळीतून वर आलाय. बोट फिरवलं की लागतो.

पाट्यावर उजवा हात ठेवला. डाव्या हाताने वरवंटा उचलला. लिहिलं ते करायचं, असं ठरवून खाली आणला. ऐन वेळी उजवा हात मागे सरला. मी सरकवला नाही. अंजनाच्या पाट्याचा कोपरा उडाला.

सकाळी ११

मानसिंगचा फोन. काय निघालं दाजी? मी म्हणालो, रेकॉर्ड सापडत नाही म्हणतात. तो म्हणाला, मंग येतो, त्या केरबाचं ऱ्हायल्यालं दात बी पाडतो.

मी म्हणालो, नको. सही माझी आहे.

मागे ट्रॅक्टर चालू होता, तो बंद झाला. मग म्हणाला, माझ्या अक्कानं त्या मानसाला च्या पाजलावता, व्हय? मी हो म्हणालो. घरीच थांबा, म्हणाला, आणि फोन ठेवला.

मेढ्याहून इथे यायला तीन तास. दार उघडं ठेवलंय. पुढे लागेल म्हणून डाव्या हाताने लिहून पाहिलं.

जमत नाही.