दिवाणजींचा दरवळ

डब्लिन, ओहायो

ती. दादास,

धाकट्या वसुधाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? इकडे आम्ही कुशल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खरं तर आमच्या अंगाला वास मारतो. फोनवर बोलावं तर श्रीराम शेजारीच असतो, म्हणून हे पत्र.

श्रीरामची नोकरी गेली आणि तो गॅरेजमधल्या खुर्चीत भिंतीकडे बघत बसायला लागला, तेव्हा ‘घरामागे एवढी जागा आहे, शेळ्या पाळा’ हे तूच सुचवलंस. (जन्मभर सरकारी जनावरांचा डॉक्टर होतास, तुला दुसरं काय सुचणार!) चार शेळ्या आल्या, इथवर ठीक. मग ‘बोकड घरचाच असावा’ हेही तूच म्हणालास. उन्हाळ्यात आला तेव्हा तो इतका सोज्वळ होता, की पांढरी दाढी बघून आम्ही त्याचं नाव दिवाणजी ठेवलं. पुढे दिवस लहान व्हायला लागले आणि दिवाणजींनी सगळी लाज सोडली. वरचा ओठ उलटा करून आकाशाकडे बघतात, जीभ बाहेर काढून बडबडतात आणि (तुला हे नवीन नाही, पण मला कुणाला तरी सांगायलाच हवं) स्वतःच्याच दाढीवर मुततात. वर शिंगांमागून येणारा दर्प वेगळाच. शेळ्या मात्र या सुगंधावर फिदा आहेत!

हा वास साबणाला दाद देत नाही. श्रीराम त्याला रोज मायेने खाजवतो आणि तोच हात घेऊन गाडी चालवतो. देवळात आरतीला आमच्याभोवती आपोआप रिंगण मोकळं होतं. श्रीराम म्हणतो, त्याला काही वासच येत नाही. फ्रीमाँटहून रेणूचा एकच घोष असतो, ‘मॉम, जस्ट सेल हिम!’

यावर कळस म्हणजे कोजागिरी. महाराष्ट्र मंडळाला श्रीरामने घरच्या शेळ्यांच्या दुधाचं आमंत्रण दिलं. (कोजागिरी शनिवारी संध्याकाळी पाचला. चंद्राने आमच्या सोयीने यावं.) केशर, वेलची, जायफळ, बदाम, मी काही कमी केलं नाही. पण तू निक्षून सांगितलं होतंस ना, की या दिवसांत बोकड दुभत्या शेळ्यांपासून लांब बांधायचा, नाहीतर दुधाला वास लागतो? श्रीरामने तो बांधला नव्हता. का, तर ‘एकटा पडेल बिचारा.’ तुझ्या मेहुण्याला एकत्र कुटुंबाचा भारी सोस, आणि तो बोकडाच्या वाट्याला आला! मंडळाच्या अध्यक्ष सुहासिनीताईंनी पहिला घोट घेतला. त्यांचा वरचा ओठ हळूहळू उलटा झाला आणि त्या आकाशाकडे बघायला लागल्या. हुबेहूब दिवाणजी! मग ‘डाएट चालू आहे यार’ म्हणत एकेकाने पेला खाली ठेवला, आणि श्रीराम सगळ्यांना बोकडाच्या ग्रंथींविषयी उत्साहाने माहिती देत होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेव्हा दादा, तू मोठा आहेस, तो तुझं ऐकतो. हे पत्र मिळताच फोन कर आणि बोकड विकायला लाव. मी पलीकडच्या गावचं एक गिऱ्हाईक बघूनही ठेवलंय. यात माघार नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
वसुधा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि तेवढ्यात ते गिऱ्हाईक ट्रेलर घेऊन आलं. चांगला माणूस होता.  दिवाणजींच्या गळ्यात दोरी श्रीरामनेच बांधली, ती माझ्या हातात दिली आणि गॅरेजमधल्या त्याच खुर्चीत जाऊन बसला, भिंतीकडे तोंड करून. मला बघवेना रे. मी त्या माणसाला चहा पाजून रिकाम्या ट्रेलरसह परत पाठवलं.

ता. क. २. परत गोठ्यात नेताना दिवाणजींनी आनंदाने माझ्या शालीला दाढी पुसली. तेव्हा किलोभर शिकेकाई पाठव. चारही शेळ्या गाभण दिसतात, मार्चमध्ये तू यायलाच हवंस. आणि फोन केलासच, तर बोकडाला वेगळा गोठा कसा बांधायचा तेवढंच श्रीरामला सांग. विकण्याचा विषय काढलास तर माझ्याशी गाठ आहे.