इसार आणि विनूची सही

मये, डिचोली
दि. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. सौ. विनोदिनी हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तर आज पहिली आली ती सुविधा, आपलं घर घेणाऱ्या कृष्णनाथाची बायको. नवरा गाडी लावतोय तोवर ही तडक परसात! फणसाच्या कुयऱ्या मोजून आली गो, अजून घर तिचं झालं नाही तरी. मागून कृष्णनाथ, त्याच्यामागून काळी पिशवी घेऊन वकील. बसायला कदेलं, खुर्च्या, दोनच धड, म्हणून वकिलाला खाटेवर बसवलं. चहा दिला, सकाळचे उंडे-पाव होते ते दिले.

तू म्हणशील, एकवीस वर्षांनी पत्र लिहिते आणि फणस सांगते. चौथी शिकलेली बाई मी, सरळ लिहायला जमत नाही. पत्ता सिद्धेशने दिला. तुमचं आत्या-भाच्याचं फोनवर चालतं ते मला ठाऊक आहे, कधी विचारलं नाही एवढंच.

आनंदाचं आधी. सिद्धेशला मुलगी झाली, गौरवी. अडीच महिन्यांची आहे, नाक आपल्याकडचं! तो तुयेला कारखान्यात, तुझा भाऊ गोकुळदासही आता तिकडेच भाड्याने राहतो. तिथे बाबाजी म्हणून आहेत, त्यांचं घर विकायला निघालं. विहिरीचं पाणी गोड. म्हटलं, हे विकू, ते घेऊ. पणतीला न्हाऊ घालायचं भाग्य कितीजणींना मिळतं?

कृष्णनाथाने नारळ-सुपारी ठेवून चार लाख इसार दिला. तोच आम्ही दुसऱ्या दिवशी बाबाजींना इसार म्हणून दिला. पैसे घरात जेवायलासुद्धा थांबले नाहीत. कागद असा, की आमच्याकडून विक्री मोडली तर कृष्णनाथाला दुप्पट द्यायचे. आणि इथले बाकीचे पैसे आले नाहीत, तर तिथे काय भरणार? म्हणजे बाबाजींकडचे चार लाखही बुडाले.

आता ते अडलं आहे. घर अजून तुझ्या बाबांच्या नावावर. वकील म्हणतो, आपल्या गोव्यात मुलीचा वाटा मुलाएवढाच, तिच्या सहीशिवाय विक्री नाही. तिच्या नवऱ्याचीही सही लागते.

हे इसाराच्या दिवशीच कळलं नसतं का? कळलं असतं. सुविधाने विचारलं होतं, “आजी, भुरगी किती?” मी म्हटलं, “एकच झील, हा गोकुळदास.” कागदावरही तसंच लिहिलं, खाली मी सही केली. गोकुळदासने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

आज वकिलाने जन्माच्या नोंदीतलं तुझं नाव पुढे ठेवलं. सुविधा हळूच म्हणाली, “आजी, ती वारली काय?”

“गप गो! जिती आहे ती. वास्कोला आहे!” इतक्या मोठ्याने बोलले की वकिलाचा चहा सांडला. मग रडले. परक्या माणसांपुढे, तोंडाला पदरही लावला नाही.

कृष्णनाथ भला माणूस. म्हणाला, “आजी, इसाराचं मागाहून बघू. आधी लेकीशी बोला.”

सहीसाठीच पत्र आलं असं तुला वाटेल. वाटू दे. इसार अडकला नसता तर मी लिहिलं असतं का, हे माझं मलाच सांगता येत नाही, आणि तेच आतून खातं. अर्धं घर माझं, उरलेलं अर्धं तुम्हा दोघा भावंडांचं; तुझा चौथा हिस्सा तुझा, आधी तो घे, मग सही कर. मन होत नसेल तर करू नको. पाटल्या मोडू, दुप्पट भरू, मी इथेच राहीन.

आणि सागररावांना सांग. तुम्ही दोघं लग्न करून पाया पडायला आलात, तेव्हा दार बाबांनी लावलं असं तुम्ही समजता. बाबा आत आंघोळीला होते. दार मी लावलं. ते गेल्यावरही सहा वर्षं मी सगळं त्यांच्यावरच ढकलत राहिले.

तुझी आई
(हे लिहायला हात धजत नाही, पण दुसरं काय लिहू?)
वत्सला

ता. क. ती मंडळी रविवारी, तेवीस तारखेला, सकाळी दहाला परत येतो म्हणून गेली आहेत.