शून्यापासून कोण सुरू करतंय!

४ मार्च

शून्यापासून! मी!

डायरेक्टरांनी भर मीटिंगमध्ये जाहीर केलं – जुना सर्जरी रोबो जाणार, नवा आलाय, दुसऱ्या कंपनीचा. आणि त्यावर बसायचं तर आधी सिम्युलेटरवरचे सगळे धडे पुरे करायचे. सगळ्यांनी. म्हणजे परवा डिग्री घेतलेल्या पोरांनी, आणि मीसुद्धा. अकरा वर्षं त्या जुन्या यंत्रात डोकं खुपसून मी माणसांच्या किडन्या सोडवल्यात. आता म्हणे खोट्या रिंगा खोट्या खुंट्यांवर अडकवून दाखवा!

मी म्हटलं, "सर, आमच्या अनुभवाचं काय? लोणचं घालायचं?"

"मॅडम, यंत्र वेगळं आहे."

यंत्र वेगळं. हात तर तेच ना?

शेजारी मामा बसले होते. आमचे सर्वांत सीनियर सर्जन. सगळं हॉस्पिटल त्यांना मामाच म्हणतं. माझ्या हातात पहिली सुरी त्यांनी दिली. हळूच म्हणाले, "सोडू नकोस गं." सोडतेय कशाला!

५ मार्च

अर्ज लिहिला, थेट ट्रस्टींना. जुन्या यंत्रावर ज्यांचा हात बसलाय, त्यांना धड्यांतून सूट द्या. खाली माझी सही, मामांची सही. मामा उन्हाळ्यानंतर निवृत्त होतायत. सही करताना म्हणाले, "जाता जाता नव्या यंत्रावर काम करून जाईन. पण या वयात पोरांच्या वर्गात बसणार नाही."

बरोबर आहे त्यांचं. अपमान आहे हा, दुसरं काही नाही.

७ मार्च

सिम्युलेटरच्या खोलीत गेले. नुसतं बघायला! कंपनीनं शिकवायला पाठवलेली मुलगी होती, माझ्या लेकीएवढी. म्हणाली, "बसा ना मॅडम." बसले.

जुन्यात वाकून डोकं आत घालावं लागायचं. यात ताठ बसायचं, चष्मा लावायचा आणि समोरच्या पडद्यावर बघायचं. मुठी वेगळ्या, जरा जड. दहा मिनिटं अवघडल्यासारखं झालं आणि मग हात जे सुटले! रिंगा, टाके, गाठी, सगळं झरझर. मुलगी बघतच राहिली. "पहिल्याच दिवशी एवढे मार्क कुणालाच नाही पडले मॅडम."

नाकावर टिच्चून! उद्या डायरेक्टरांना ऐकवणार.

९ मार्च

नाही ऐकवलं.

आज पुढचा धडा होता, करंट देऊन भाजत भाजत कापायचा. जुन्या यंत्रात आपले हात फार लांब गेले की डाव्या पायाचं पेडल दाबायचं. आतली अवजारं जागच्या जागी थांबतात, आपण हात मागे घेतो, पेडल सोडतो, पुढे चालू. मिनिटामिनिटाला करते मी हे. करते हे कळतसुद्धा नाही.

नव्यात त्यासाठी बोटाखाली बटण आहे. आणि डाव्या पायाखाली? करंट!

हात लांब गेले. डावा पाय गेला खाली. हात मागे घेतला. अवजार थांबलं तर नाहीच, पेटलेलं तसंच हाताबरोबर मागे आलं. खोट्या आतड्याला खरोखरीचं वाटावं असं भोक. पडदा लाल.

पुन्हा केलं. पुन्हा तेच! आता चुकायचं नाही असं ठरवून तिसऱ्यांदा केलं. पुन्हा!

मुलगी हळूच म्हणाली, "जुन्या यंत्रावरून येणाऱ्या सगळ्यांचं होतं मॅडम. नवशिक्यांचं नाही होत."

नवशिक्यांचं होत नाही. तोंडात मारल्यासारखं झालं.

तिला बजावलं, हे कुठे लिहायचं नाही. मी बघायला आलेय, परीक्षेला नाही. बिचारी "बरं" म्हणाली.

१० मार्च

नवऱ्याला सांगितलं. माझं तोंड बघून हसला. "गाडी बदलली तेव्हा आठवतं? वळायचं असलं की वायपर चालू करायचीस. लख्ख उन्हात!"

"वायपरनं कुणाचं आतडं फाटत नाही."

मग हसला नाही.

१२ मार्च

काय समजतो हा पाय स्वतःला! माझा पाय आहे, माझं ऐकेल. डाव्या पायातला बूट काढून बसते. गार पेडल तळव्याला लागलं की जाग येते. तोंडानं मोठमोठ्यांदा "बोट! बोट!" म्हणते. ती मुलगीही आता माझ्याबरोबर ओरडते. बाहेरून कुणी ऐकलं तर दोघींना वेड्यांत काढतील.

दुपारी कँटीनमध्ये मामा भेटले. "जाऊन आलीस म्हणे. कसंय गं यंत्र?"

म्हटलं, "हातचा मळ आहे, मामा."

खूश झाले. अर्जाचा निकाल लागेपर्यंत मी दुसरं काय सांगणार होते? माझा पाय चुकतो? डायरेक्टरांच्या हातात आयतं कोलीत!

१४ मार्च

सूट मंजूर!! मला आणि मामांना. डायरेक्टरांचा चेहरा बघण्यासारखा होता. मामांनी सगळ्या वॉर्डभर चहा वाटला. एवढ्या खुशीत त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

१५ मार्च

आज एकदाही पाय गेला नाही. एकदाही नाही!

१८ मार्च

सूट असूनही परीक्षा दिली. मुद्दाम. वशिल्यानं बसली असं एकाही पोरानं म्हणता कामा नये. पहिली आले. सगळ्यांत पहिली! निकालाचा कागद डायरेक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

मामांना मात्र सिम्युलेटर बघायचाही नाही. परवा त्यांचं नव्यावरचं पहिलं ऑपरेशन. पायाचं सांगावं का? दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत ते फोनवर कुणाला तरी सांगत होते – "आमच्या पोरीनं लढून मिळवलं हो!"

परत आले. मामा माझ्यासारखे घाईचे नाहीत. सावकाश, बघून बघून काम करतात. त्यांचं नाही होणार.

२० मार्च

झालं.

रुग्ण शिंपी होता, दोन लहान मुलींचा बाप. किडनीवरची गाठ काढता काढता रक्त आलं, मामांना घाई झाली. डावा पाय खाली, हात मागे. आतड्याला भोक. तिथल्या तिथे पोट उघडून शिवलं, मी हात धुऊन मदतीला गेले. शिंपी आयसीयूत आहे. वाचेल बहुतेक. बहुतेक!

डायरेक्टरांना फोन करून सांगितलं, उद्या सगळ्यांना बोलवा. सूट मी मागितली होती, ती चूक का होती हेही मीच सांगणार. पायाचं, लपवलं त्याचं, सगळं. नोकरी जायची तर जाऊ दे.

पण त्याआधी मामांकडे जायचंय. ऑपरेशननंतर कपडे बदलायच्या खोलीत एकटेच बसले होते. मला म्हणाले, "पाय आपोआप गेला गं. माझंच वय झालं."

आणि मी मान डोलावली.